वरच्या ओळीतली खुर्ची

४ मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

तब्येतीची चौकशी शेवटी करीन, आधी आपल्या फुटबॉल क्लबची. पोरांनी आपल्या दोघांना घरच्या ग्रुपमधून हाकललं, त्याला आठवडा झाला. माझीच लेक, तुमची सून, मला फोनवर म्हणते, "आई, तुम्हाला भांडायचंच असेल तर पत्रं लिहा. पत्रात ओरडता येत नाही." बघतेच कसं येत नाही ते! चष्म्याच्या दुकानात दुपारी कुत्रं फिरकत नाही आणि समोर मैदानाची भिंत दिसते. लिहायला आणखी काय लागतं?

तर ऐका. आपण खालून दुसरे आहोत. शेवटचे दोन संघ खालच्या लीगमध्ये ढकलणार, म्हणजे आपण ढकलले जाण्याच्या रांगेत उभे आहोत. आणि आपले मालक, तुमचे लाडके गादीशेठ, काय म्हणाले माहीत आहे? "संघ खाली गेला तर क्लब बंद, आणि मैदानावर गाद्यांचं गोदाम." पेपरात फोटोसकट छापून आलंय. फोटोत हसताहेत.

खेळाडूंचे पगार थकलेत. आंघोळीचं गरम पाणी बंद. चांगला स्ट्रायकर होता तो विकला, आणि त्याच्या जागी जो आणलाय त्याला मी एकदा दुकानात बोलावून डोळे तपासून घेणार आहे. फुकट तपासीन. शनिवारी पेनल्टी मिळाली. नेहमीप्रमाणे आपल्या सगळ्या उत्तर गॅलरीने मैदानाकडे पाठ केली, डोळे मिटले आणि चिडीचूप उभी राहिली. माझ्या शेजारी एक नवीन पोरगी होती, ती घाबरून विचारते, "काय झालं?" म्हटलं, बाळ, आपण बघितलं की पेनल्टी चुकते, हे चाळीस वर्षं सिद्ध झालंय. बाकीच्या तीन बाजू ओरडल्या की मग वळायचं. त्या काही ओरडल्या नाहीत. चुकली. त्या पोरीने बोटांच्या फटीतून बघितलं असणार, मला दाट संशय आहे.

तुमची खुर्ची रिकामीच असते. सर्वात वर, भिंतीला टेकून. सीझन तिकीट काढून ठेवलंत आणि मुलाकडे राहायला गेलात, हा शहाणपणा मला अजून कळलेला नाही. गादीशेठला हाकलायला आम्ही समिती काढलीय. शाळेतले पीटी मास्तर अध्यक्ष. सही करणार का?

तब्येत कशी आहे?

तुमची विहीण


११ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

सही करणार नाही.

तुम्ही पत्रात ओरडता. माझा चष्मा काचेसकट थरथरला, आणि तो तुमच्याच दुकानातला आहे. आता माझं शांतपणे ऐका. गादीशेठ येण्याआधी क्लबची काय दशा होती ते विसरलात? गॅलरीला छप्पर कुणी घातलं? पाऊस आला की डोक्यावर पिशव्या घालून बसायचो आपण. मी त्याच्या कारखान्याच्या लिफ्ट बारा-पंधरा वर्षं सांभाळल्यात, माणूस मला माहीत आहे. त्याला वाटलं, शर्टावर गादीचं नाव आलं की गाद्या खपतील. मग महागडे खेळाडू घेतले, ते जखमी झाले. मग ते सांभाळायला कारखान्यातून पैसा ओढला. आता कारखानाही लंगडतो आणि क्लबही. मूर्खपणा केला, कबूल. पण चोरी नाही केली. आणि हाकलून लावल्यावर वीजबिल कोण भरणार, पीटी मास्तर? शिट्टी वाजवून?

समित्या काढणं सोपं असतं, बाई. लिफ्ट बंद पडली की आत अडकलेले सगळे बटणं बडवतात. त्याने लिफ्ट हलत नाही, फक्त बटणं तुटतात.

मी इथे मजेत आहे. सकाळी हातात चहा येतो. बाल्कनीत ऊन येतं. तुमची लेक माझी फार काळजी घेते, मला काही म्हणजे काही करू देत नाही. क्लबची आठवणसुद्धा येत नाही. मॅच मी रेडिओवर ऐकतो, ती केवळ सवय म्हणून, आणि जिन्यात बसून, कारण घरात ओरडलेलं चालत नाही.

क्लबसाठी माझ्या परीने मी एक गोष्ट केली आहे. काय ते सांगणार नाही. कळेल.

तुमचा व्याही


२४ मार्च

अहो व्याहीबुवा! अहो, अहो, अहो!

बसून वाचा. जिन्यात असाल तर कठडा धरा.

शनिवारी मॅचला गेले आणि वर बघते तर तुमच्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय. कानटोपी, गळ्याभोवती मफलर, मफलर नाकापर्यंत. म्हटलं, व्याहीबुवांनी तिकीट विकलं! मनातल्या मनात तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या की तुम्हाला उचक्या लागल्या असतील. एकदा वाटलं वर जाऊन विचारावं, पण तेवढ्यात त्यांनी आपल्याला गोल मारला आणि मी रेफ्रीशी भांडण्यात अडकले.

मग आपल्याला पेनल्टी मिळाली.

आता नीट डोळ्यांसमोर आणा. उत्तर गॅलरी उठली. सगळ्यांनी मैदानाकडे पाठ केली. आता मैदानाकडे पाठ म्हणजे तोंड कुठे? वर! वरच्या ओळीकडे! दीडेक हजार माणसं, टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता, आणि सगळ्यांची तोंडं त्या कानटोपीवाल्याकडे. डोळे मिटलेले, दातओठ खाल्लेले, मुठी आवळलेल्या. पीटी मास्तर तर असे उभे होते की मला माहीत नसतं तर मीही घाबरले असते.

मी डोळे किलकिले केले होते. (पेनल्टीकडे नाही हो, वर! वर बघितलेलं चालतं.) तर तो माणूस पांढराफटक. खुर्चीत आक्रसत गेला, आक्रसत गेला, मागे तर भिंत. मग एकदम उठला, कानटोपी काढली, मफलर सोडला. गादीशेठ! साक्षात! दोन्ही हात जोडले आणि त्या शांततेत असा ओरडला की खालच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं:

"कळलं! कळलं मला! नको मला हा क्लब! तुम्हीच घ्या! एका गादीच्या किमतीत देतो, पण असे बघू नका!"

आणि त्याच क्षणी गोल झाला!

बाकीच्या तीन बाजू ओरडल्या, आपली गॅलरी उसळली. त्यांच्या पुढच्याच ओळीतल्या शिंपीणबाईंनी गादीशेठच्या गळ्याला मिठी मारली, कारण मिठी मारायला समोर तेच होते. त्यांना वाटलं हा सगळा जल्लोष त्यांच्या घोषणेचा. ते रडायला लागले! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं! पीटी मास्तरांनी एक सेकंद वाया घालवला नाही. हाताला धरून खाली नेलं आणि मध्यंतरात माइकवर तेच्या तेच परत बोलायला लावलं. सगळ्या मैदानाने ऐकलं. एक गादी, व्याहीबुवा! आणि तीसुद्धा सिंगल!

मॅच आपण हरलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण ते तिकीट त्यांच्याकडे कसं आलं?

तुमची विहीण


३० मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र जिन्यात वाचलं. तिसऱ्या मजल्यावरचे दोघे धावत आले, त्यांना वाटलं मला काहीतरी झालं. इतका हसलो की बरगड्या दुखताहेत.

तिकीट मी पाठवलं. मीच त्याला लिहिलं होतं, "शेठ, काचेच्या खोलीत बसून मॅच बघता म्हणून लोक तुमच्यावर दात धरून आहेत. एकदा लोकांत बसा. माझी खुर्ची घ्या." माझा हेतू एवढाच की त्याने लोकांना ओळखावं आणि लोकांनी त्याला. सगळं लिहिलं. बसायला उशी न्या, चहा दक्षिणेच्या दाराशी चांगला मिळतो, शेजारचे आजोबा डुलक्या घेतात त्यांना खांदा द्या. पेनल्टीचं तेवढं सांगायचं राहिलं! अहो, आपल्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. जगात सगळे बघतात आणि आपणच पाठ करतो, हेच मी विसरून गेलो होतो.

पण आता हसणं पुरे. त्याला खरं सांगावं लागेल.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. म्हणाल, "गोदाम टळलं, मैदान वाचलं, आता कशाला फाटे फोडता?" पण एखाद्याला घाबरवून घेतलेला क्लब आपला कसा होईल? तोही नकळत घाबरवून! उद्या त्याला कुणी सांगितलं तर तो शब्द फिरवेल, आणि फिरवला तर मी त्याला दोष देणार नाही. सह्या व्हायच्या आधी जाऊन सांगा. पीटी मास्तरांना नेऊ नका, ते बोलू देणार नाहीत.

तुमचा व्याही


३ एप्रिल

व्याहीबुवा,

उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातं? बाल्कनीत बसून तत्त्वं सांगता! इथे माझ्या डोळ्यांसमोर मैदानाची मापं घ्यायला आलेली माणसं परत गेली. मी दुकानाच्या दारात उभी राहून टाळ्या वाजवल्या. आणि तुम्ही म्हणता जाऊन सांगा की शेठ, तुमचा गैरसमज झाला, या, बांधा गोदाम!

नाही सांगणार. नाही म्हणजे नाही.

विहीण


९ एप्रिल

व्याहीबुवा,

सांगितलं.

तुमच्या पत्राने माझी झोप उडवली, त्याचा हिशेब वेगळा करू. सोमवारी दुकान बंद ठेवून कारखान्यात गेले. त्यांच्या ऑफिसात खुर्ची नसते, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं. पाहुण्याला नमुन्याच्या गादीवर बसवतात. बसले ती रुतले. गुडघे हनुवटीला. अशा अवस्थेत माणूस खोटं बोलूच शकत नाही, मी सांगते.

म्हटलं, "शेठ, लोक तुमच्याकडे बघत नव्हते. पेनल्टीकडे बघत नव्हते." सगळी रीत समजावली. ते ऐकत राहिले. मग फार हळू विचारलं, "म्हणजे माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं?" म्हटलं, "डोळेच मिटलेले होते हो." चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, संपलं. बांधलं गोदाम.

आणि मग हसायला लागले, व्याहीबुवा! हसता हसता त्याच गादीच्या दुसऱ्या टोकाला आडवे झाले, आणि गादीच्या स्प्रिंगमुळे मीही इकडे वरखाली. म्हणाले, "बाई, माइकवर बोललो त्या रात्री मी दोन वर्षांत पहिल्यांदा झोपलो. गाद्या विकतो आणि झोप नाही, लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? क्लब तुम्हीच घ्या. शब्द तोच, किंमत तीच." थकलेले पगार कारखाना फेडणार. वीज आणि पाणी आमच्या गळ्यात. गॅलरीतला जो तो एक भाग घेणार, एका माणसाला एकच. आता क्लब खाली गेला तरी मैदान हलत नाही!

फक्त त्यांची एक अट आहे. एकच. ती लिहिताना मी तीनदा थांबले.

त्यांना तुमची खुर्ची हवी. कायमची. म्हणाले, "काचेच्या खोलीतून मला बावीस शर्ट दिसायचे. त्या खुर्चीवरून मला पहिल्यांदा माणसं दिसली. भले डोळे मिटलेली असोत." मी म्हटलं, विचारून सांगते. तुम्हाला तर क्लबची आठवणही येत नाही, म्हणजे अडचण नसावी.

विहीण


१३ एप्रिल

विहीणबाई,

खुर्ची मिळणार नाही. कारखान्याच्या लिफ्ट फुकट सांभाळून घ्या, माझं दुसरं काहीही मागा म्हणावं त्याला.

व्याही


१५ एप्रिल

विहीणबाई,

परवाचं पत्र फाडून टाका. पोस्टात टाकलं आणि पेटीत हात घालून परत काढायला बघत होतो. पोस्टमनने हटकलं.

मी तुम्हाला खोटं लिहीत होतो. मजेत वगैरे काही नाही मी. मुलगा सोन्यासारखा आहे, सून त्याहून चांगली, त्यांना एक शब्द बोलू नका. पण दिवसभर दोघं कामावर. चहा हातात येतो, मग संध्याकाळपर्यंत दुसरं काही हातात येत नाही. इमारतीच्या लिफ्टला काही झालेलं नसताना मी दोनदा उघडून पुसली, तर लिफ्ट कंपनीच्या माणसाने माझी तक्रार केली. ते सीझन तिकीट मी का काढून ठेवलं, विचारत होतात ना? खुर्ची माझ्या नावावर आहे तोवर मी फक्त बाहेरगावी गेलोय, असं मनाला सांगता येत होतं.

आणि आणखी एक. चाळीस वर्षांत मी एकही पेनल्टी बघितलेली नाही, पण पाठही केलेली नाही. वरच्या ओळीत पाठ केली तर भिंत. मी बसूनच राहायचो. मैदान दिसायचंच नाही, तुम्ही सगळे मध्ये उभे. मला दिसायचे तुमचे चेहरे. पीटी मास्तर विद्यार्थी होते तेव्हापासूनचे. शिंपीणबाई पोरीला कडेवर घेऊन उभ्या असायच्या, ती पोर आता स्वतः डोळे मिटून उभी असते. तुम्ही ओठ हलवत काहीतरी पुटपुटता, काय ते मी कधी विचारलं नाही. सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे आणि कुणी कुणाकडे बघत नाहीये, असं दृश्य दुसरीकडे कुठे दिसतं मला सांगा.

गादीशेठला नेमकं तेच दिसलं. मला हेवा वाटला, दुसरं काय! म्हणून परवा तसं लिहिलं.

द्या त्याला खुर्ची. मैदानच राहिलं नाही तर खुर्ची काय डोक्यावर घेऊन बसू?

तुमचा व्याही


२० एप्रिल

व्याहीबुवा,

पत्र दुकानात वाचलं आणि भर गिऱ्हाइकात रडले. एका आजींना वाटलं मी स्वतःच्याच डोळ्यांत औषध घातलं. म्हणाल्या, "मला तेच द्या, चांगलं लागलेलं दिसतंय."

सह्या झाल्या. क्लब आपला! एक सिंगल गादी कारखान्यातूनच विकत घेऊन शेठना भेट दिली, म्हणजे पैसे त्यांचे त्यांना आणि गादीही त्यांची त्यांना. पीटी मास्तर म्हणतात हा व्यवहार जगात कुणी केला नसेल.

तुमच्या नावाचा भाग मी घेतला आहे. विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही आधी चार तत्त्वं सांगितली असतीत.

आता शेवटच्या मॅचला या. जिंकलो तर वाचू, हरलो तर खालच्या लीगमध्ये. बसायला जागा नाही, पण माझ्या ओळीच्या टोकाला पायरीवर एक माणूस मजेत उभा राहतो. आणि मी काय पुटपुटते ते इतक्या वर्षांत एकदाही विचारावंसं वाटलं नाही? तुम्ही व्याही आहात की खांब?

तुमची विहीण


१२ मे

चि. मुला आणि चि. सौ. सूनबाई,

मी "दोन दिवसांत येतो" म्हणून निघालो त्याला नऊ दिवस झाले. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो. विहीणबाई शेजारीच बसल्यात, वाक्यावाक्याला नाक खुपसताहेत.

आपण हरलो. चार शून्य. पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं. आपला नवा स्ट्रायकर एकदा रेफ्रीला पास देऊन मोकळा झाला. शिट्टी वाजली, आपण खाली गेलो. मग कुणीतरी गायला लागलं. एकही माणूस घरी जाईना. खेळाडू तोंड लपवून आत निघाले होते, त्यांना लोकांनी परत बाहेर ओढलं. मी पायरीवर उभा होतो, गुडघे दुखत होते, घसा गेला होता, आणि अरे पोरा, मी नाचलो! खाली गेलेल्या संघासाठी! गादीशेठ वरून उतरून आला आणि मला म्हणाला, "तुमची खुर्ची फार छान आहे." म्हटलं, "माहीत आहे. सांभाळा." आणि आम्ही दोघेही रडलो.

आता मुद्द्याचं. मी परत राहायला येत नाही.

रागावू नका. मैदानाचं फाटक गंजलंय, दिव्यांच्या तारा उंदरांनी खाल्ल्यात, गरम पाण्याची टाकी गळते. हे सगळं करणारा माणूस ठेवायला क्लबकडे पैसे नाहीत, आणि हे सगळं फुकट करणारा माणूस तुमच्या बाल्कनीत ऊन खात बसला होता. शिवाय मी आता मालक आहे. हसू नका, दीड हजारांतला एक, पण मालक. आणि मालकाने लांब बसून क्लब चालवला की काय होतं, ते सगळ्या गावाने बघितलंय. राहायला खोली बघितली आहे, शिंपीणबाईंच्या वरची.

तुम्ही दोघांनी माझं काही कमी केलं नाहीत. पण मला काही करायला ठेवलं नाहीत, एवढंच झालं. हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोललो नसतो.

आणि एक गंमत सांगतो. खालच्या लीगचं वेळापत्रक आलं. त्यात तुमच्या गावचा संघ आहे! इतकी वर्षं वर होतो म्हणून कधी गाठ पडली नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आपली मॅच तुमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. मॅच झाली की आम्ही जेवायला येतो. मी, विहीणबाई, आणि गादीशेठ म्हणतोय तोही येईल.

सूनबाई, वर्षभर मी तुझ्या घरी पाहुण्यासारखा अवघडून बसत होतो आणि तू मला घरच्यासारखं वागवत होतीस. आता खराच पाहुणा म्हणून येईन. बघ, कसा घरच्यासारखा वागतो ते.

तुमचा,
बाबा